चित्रकाराचा चष्मा

प्रकाशाचा चित्रकार म्हणून जगभर मान्यता पावलेल्या क्लोद मोनेला उतारवयात दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रियेने एका डोळ्याची दृष्टी परत आली, पण ती कामी येईना. त्यानंतरची दोन वर्षे गेली ती योग्य चष्म्याच्या शोधात. पॅरिसमधील ‘वॉटर लिलीज’च्या भव्य चित्रमालिकेमागे या शोधाची कहाणी आहे.

पॅरिसच्या पश्चिम टोकाला मार्मोताँ मोने संग्रहालय आहे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह इथे आहे. मोनेचा धाकटा मुलगा मिशेल याने वडिलांकडून आलेली चित्रे मृत्युपत्राद्वारे या संग्रहालयाच्या स्वाधीन केली. या चित्रांच्या सहवासात मोनेचा एक चष्माही जपून ठेवण्यात आला आहे. सूर्याचा प्रकाश घटकाघटकाला कसा बदलतो हे ज्याने आयुष्यभर टिपले, त्याला अखेरच्या पर्वात जग दाखवले ते अशा काचांनी. त्या काचा मात्र त्याला सहजासहजी मिळाल्या नाहीत, आणि मिळाल्यावरही लगेच मानवल्या नाहीत.

समुद्रकाठचा मुलगा

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील ल हाव्र या बंदराच्या गावी स्थायिक झाले. वडिलांचा किराणा मालाचा व्यापार होता. मुलाने पेढीवर बसावे, ही त्यांची स्वाभाविक इच्छा. मुलाचे लक्ष मात्र वह्यांच्या समासात गावातल्या प्रतिष्ठितांची व्यंगचित्रे काढण्यात. ही व्यंगचित्रे गावातल्या एका दुकानाच्या खिडकीत मांडली जात आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळे. यूजीन बूदँ या निसर्गचित्रकाराने ती पाहिली आणि या मुलाला समुद्रकिनाऱ्यावर, उघड्या आभाळाखाली रंगवायला नेले. समोरचे दृश्य समोर बसूनच रंगवायचे, ही बूदँची शिकवण मोनेने जन्मभर सोडली नाही.

पुढे अल्जीरियात काही काळ सैन्यातली नोकरी, आजारपण, मग पॅरिसमध्ये ग्लेअर यांच्या चित्रशाळेत शिक्षण असा प्रवास झाला. तिथे रन्वार, सिस्ले आणि बाझीय हे मित्र मिळाले. पैशांची चणचण कायमची होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा मोने लंडनला गेला. पॉल द्युराँ-र्युएल हा चित्रांचा व्यापारी त्याला तिथेच भेटला आणि पुढे त्याचा मोठा आधार ठरला.

१८७४ च्या एप्रिलमध्ये मोने आणि त्याच्या मित्रांनी, सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांना बाजूला ठेवून, छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यात मोनेने ल हाव्र बंदरातल्या धूसर पहाटेचे एक चित्र मांडले होते. त्याच्या शीर्षकातल्या ‘इम्प्रेशन’ या शब्दावरून लुई लर्वा या समीक्षकाने साऱ्या मंडळींची टवाळी केली. टवाळीतला तो शब्द चिकटला आणि इम्प्रेशनिझम हे कलेच्या इतिहासातल्या एका मोठ्या प्रवाहाचे नाव झाले.

१८७९ मध्ये मोनेची पत्नी कामीय दीर्घ आजाराने गेली. तिच्या मृत्युशय्येजवळ बसलेला असताना आपले डोळे तिच्या चेहऱ्यावर उतरत जाणाऱ्या निळ्या, पिवळ्या, राखाडी छटा मोजत होते, याची त्याला स्वतःलाच शरम वाटली. ही आठवण त्याने अनेक वर्षांनंतर जॉर्ज क्लेमांसो या मित्रापाशी उघड केली. मोनेचा डोळा असा होता. दुःखातही तो थांबत नसे.

गवताच्या गंजी, देवळाची भिंत, कमळांचे तळे

१८८३ मध्ये मोने सीन नदीच्या खोऱ्यातल्या जिव्हेर्नी या खेड्यात राहायला आला. सोबत स्वतःची दोन मुले, पुढे दुसरी पत्नी झालेली ॲलिस ओशदे आणि तिची सहा मुले होती. भाड्याने घेतलेले घर १८९० मध्ये विकत घेण्याइतकी परिस्थिती सुधारली. याच काळात त्याने घराजवळच्या शेतातल्या गवताच्या गंजी रंगवल्या. एकाच विषयाची अनेक चित्रे. फरक फक्त वेळेचा, ऋतूचा आणि प्रकाशाचा. उन्हाची तिरीप बदलली की तो समोरचा कॅनव्हास बाजूला ठेवी आणि त्या घटकेचा दुसरा कॅनव्हास पुढे घेई. १८९१ मध्ये या मालिकेचे प्रदर्शन भरले आणि चित्रे हातोहात खपली. त्यापाठोपाठ रूआँ शहरातील कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीची तीसहून अधिक चित्रे झाली. दगड तोच, पण सकाळी निळसर, दुपारी पांढरा, सायंकाळी केशरी.

१८९३ मध्ये घरासमोरून जाणाऱ्या रेल्वेमार्गापलीकडची जमीन त्याने घेतली आणि जवळच्या ओढ्याचे पाणी वळवून तळे तयार केले. परदेशी वनस्पतींमुळे पाणी नासेल, अशी भीती वाटून गावकऱ्यांनी तक्रार केली. तळे मात्र झाले. त्यावर जपानी धाटणीचा लाकडी पूल आला, पाण्यात कमळे फुलली आणि पुढची तीस वर्षे हे तळेच मोनेचा विषय झाले. पाण्यात उतरलेले आभाळ, तरंगणारी पाने, विलोच्या लोंबत्या फांद्या यांची अडीचशेच्या आसपास चित्रे त्याने रंगवली. प्रकाशातला सूक्ष्म फरक ओळखणारी नजर हेच त्याचे भांडवल होते आणि नेमक्या त्याच भांडवलाला पुढे ओहोटी लागली.

पिवळे होत गेलेले जग

१९११ मध्ये ॲलिसचे निधन झाले. या धक्क्यातून तो सावरतो न सावरतो तोच, १९१२ च्या जुलैमध्ये कामाला बसताना उजव्या डोळ्याने काहीच दिसत नसल्याचे त्याच्या लक्षात आले. पॅरिसच्या नेत्रतज्ज्ञाने तपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान केले. उजवा डोळा जास्त बिघडला होता, डाव्यात सुरुवात होती. मोने तेव्हा ७१ वर्षांचा होता.

वयोमानाने होणाऱ्या मोतीबिंदूत डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होते, एवढेच आपल्याला सर्वसाधारणपणे ठाऊक असते. भिंगाचा गाभा पिकत जातो तसा तो आधी पिवळा आणि मग तपकिरी होतो. पिवळी काच डोळ्यापुढे धरावी, तसा प्रकाश गाळून आत जातो. जांभळ्या आणि निळ्या किरणांना आधी अटकाव होतो. लाल, पिवळे, तपकिरी रंग उरतात. बारीक तपशील पुसले जातात आणि उजेडाकडे पाहिले की डोळे दिपतात. हा बदल इतका सावकाश होतो की आपल्याला रंग वेगळे दिसू लागले आहेत, हे त्या माणसालाही पुष्कळदा कळत नाही. मोनेला ते कळत होते. लाल रंग मळकट भासू लागल्याची, गुलाबी निस्तेज झाल्याची आणि गडद छटा एकमेकींत मिसळून जात असल्याची तक्रार त्याने पुढे बोलून दाखवली.

यावर त्याने स्वतःपुरते उपाय शोधले. रंगांच्या नळ्यांवरची नावे वाचून रंग निवडायचा. पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा पक्की ठेवायची, म्हणजे डोळ्याने ओळखता आला नाही तरी हाताला तो सापडेल. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी घालायची आणि भर दुपारच्या उन्हात काम टाळायचे. अधू दृष्टीच्या माणसाला आजचे तज्ज्ञ ज्या गोष्टी शिकवतात, म्हणजे खुणा लावणे, वस्तूंच्या जागा ठरवणे, डोळ्यांवर येणारी तिरीप अडवणे, त्यातल्या बऱ्याच त्याने आपल्या आपण अंगवळणी पाडल्या होत्या.

शस्त्रक्रियेला मात्र त्याची तयारी नव्हती. ऑनोरे दोमिए या थोर चित्रकाराची दृष्टी शस्त्रक्रियेनंतरही सुधारली नव्हती. मेरी कसाट या समकालीन चित्रकर्तीवरच्या शस्त्रक्रियाही अयशस्वी ठरल्या. चाकू लागल्यावर उरलीसुरली नजर गेली तर, हा प्रश्न मोनेला छळत राहिला. आपल्या नजरेतील रंगांची जाण कायमची बदलेल, ही भीती त्याहून मोठी होती. असलेले वाईट त्याला परिचयाचे होते, येणारे अनोळखी. दहा वर्षे त्याने अशीच काढली.

देशाला दिलेला शब्द

याच दहा वर्षांत त्याने आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले. १९१४ मध्ये थोरला मुलगा झाँ वारला. झाँची विधवा पत्नी ब्लांश ही ॲलिसचीच मुलगी होती. तिने मोनेचे घर सांभाळले आणि अखेरपर्यंत त्याची सोबत केली. क्लेमांसोच्या आग्रहावरून मोने पुन्हा कामाकडे वळला. पाहणाऱ्याला चहूबाजूंनी वेढून टाकतील, एवढ्या प्रचंड आकाराची तळ्याची चित्रे रंगवायची, असा संकल्प त्याने केला. त्यासाठी घराच्या आवारात नवी भव्य चित्रशाळा बांधली. पहिले महायुद्ध चालू होते आणि तो कॅनव्हासांसमोर उभा होता.

क्लेमांसो हा या कहाणीतला दुसरा नायक. मूळचा डॉक्टर, मग पत्रकार, मग राजकारणी आणि युद्धाच्या निर्णायक काळात फ्रान्सचा पंतप्रधान. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाला. दुसऱ्याच दिवशी मोनेने त्याला पत्र लिहून विजयाप्रीत्यर्थ दोन चित्रे राष्ट्राला अर्पण करण्याची इच्छा कळवली. क्लेमांसो आठवडाभरात जिव्हेर्नीला येऊन दाखल झाला. दोन चित्रांची भेट वाढत वाढत संपूर्ण मालिकेची झाली. १२ एप्रिल १९२२ रोजी देणगीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. पॅरिसच्या त्युइलरी उद्यानातील ऑरांजरी या इमारतीत चित्रांसाठी दोन लंबवर्तुळाकार दालने सिद्ध करायची आणि मोनेने ठरल्या मुदतीत काम पुरे करून द्यायचे, असा करार होता.

सही करणाऱ्या माणसाला तेव्हा स्वतःचीच चित्रे धड दिसत नव्हती. या काळातली जपानी पुलाची चित्रे पाहिली की परिस्थितीची कल्पना येते. पूल ओळखू येत नाही, तळे ओळखू येत नाही, लाल आणि गंजलेल्या तपकिरी रंगांचे जाळे तेवढे दिसते. हा मोतीबिंदूचा परिणाम की म्हाताऱ्या कलावंताने मुद्दाम घेतलेली झेप, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मोने स्वतः या कामावर खूष नव्हता. त्या वर्षांत त्याने कित्येक कॅनव्हास रागाच्या भरात नष्ट केले.

एक दशांश दृष्टी

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये क्लेमांसोच्या आग्रहापुढे मान तुकवून मोने पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ डॉ. शार्ल कुतेला यांच्याकडे गेला. तपासणीतून समोर आलेले चित्र गंभीर होते. उजव्या डोळ्याला केवळ उजेड-अंधार आणि उजेडाची दिशा समजत होती. डाव्या डोळ्याची दृष्टी एक दशांश उरली होती. आपल्याकडच्या भाषेत ती ६/६० होते. म्हणजे निकोप डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून वाचता येते, ते मोनेला सहा मीटरवर यावे लागे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० या टप्प्यात असलेल्या व्यक्तीला अल्पदृष्टी म्हटले आहे. जगातला सर्वांत नावाजलेला जिवंत चित्रकार आकड्यांच्या हिशेबाने याच टप्प्यात उभा होता.

मोने शस्त्रक्रियेला राजी होईना, तेव्हा डॉ. कुतेला यांनी डाव्या डोळ्यात बाहुली रुंदावणारे थेंब घालून पाहिले. बाहुली मोठी झाली की गढूळ गाभ्याच्या कडेने थोडा अधिक प्रकाश आत जातो. काही दिवस चमत्कार घडल्यासारखे वाटले. मोनेने आनंदाने कळवले की अशी नजर कित्येक दिवसांत लाभली नव्हती. हा दिलासा अल्पजीवी ठरला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया हा एकच मार्ग उरला.

पॅरिसलगतच्या नई येथील रुग्णालयात १९२३ च्या जानेवारीत ती टप्प्याटप्प्याने पार पडली. आजच्यासारखी सकाळी जाऊन दुपारी घरी परतण्याची सोय तेव्हा नव्हती. रुग्णाने दिवसचे दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून, उशी न घेता, उताणे पडून राहायचे. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. ८२ वर्षांचा, तापट स्वभावाचा मोने या शिक्षेला तयार नव्हता. त्याने आरडाओरडा केला आणि पट्ट्या ओढून काढण्याचा प्रयत्न केला. पुढे भिंगामागचा पडदा गढूळ झाल्याने जुलैमध्ये पुन्हा एक छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. वैद्यकीय दृष्टीने काम फत्ते झाले होते.

काचांचा छळ

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत तेव्हा अस्तित्वात नव्हती. पहिले कृत्रिम भिंग डॉ. हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये बसवले ते १९४९ मध्ये. भिंग काढून घेतलेल्या डोळ्याची उणीव चष्म्यानेच भरून काढायची असे. महाराष्ट्रातल्या ज्या घरांत जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया झालेले आजी-आजोबा होते, तिथे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचे ते चष्मे अनेकांनी पाहिले असतील.

हे चष्मे साधारण दहा-बारा नंबरचे किंवा त्याहूनही जास्त. त्यांतून प्रत्येक वस्तू पाव ते एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे ती जवळ आल्यासारखी भासते. हात पुढे केला की अंतर चुकते. दाराची चौकट, टेबलाची कड अशा सरळ रेषा कडेला वाकलेल्या दिसतात. भिंगाच्या परिघाभोवती एक आंधळे कडे असते; बाजूने येणारा माणूस त्या कड्यात नाहीसा होतो आणि अचानक समोर उगवतो. जिना उतरणे हे धाडस ठरते.

मोनेच्या बाबतीत आणखी दोन अडचणी होत्या. शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झाली होती. उजव्या डोळ्याला चष्म्यातून मोठी प्रतिमा दिसे, डाव्याला लहान आणि धूसर. दोन्हींचा मेळ बसत नसे, त्यामुळे एकाचे दोन दिसत. दुसरी अडचण रंगांची. उजव्या डोळ्यातले पिवळे-तपकिरी भिंग निघाल्यामुळे इतकी वर्षे अडवलेला निळा प्रकाश आता बेलगाम आत शिरत होता. डाव्या डोळ्याला तेच जग पिवळे दिसत होते. मोनेच्या तक्रारीही बदलत राहिल्या. कधी सारे पिवळे दिसे, कधी सारे निळे. बागेतून दिसणाऱ्या आपल्या घराची त्याने या काळात काढलेली चित्रे याची साक्ष देतात. काही लालभडक आहेत, तर काही निळ्या रंगात बुडालेली.

तक्त्यावरचे आकडे सांगत होते की शस्त्रक्रिया यशस्वी झाली. जवळची दृष्टी समाधानकारक होती, दूरची तितकीशी नाही, असा डॉ. कुतेला यांचा निष्कर्ष होता. मोनेचा निष्कर्ष वेगळा होता. आपली फसगत झाली, शस्त्रक्रिया करून घेतली हीच चूक झाली, असे तो पत्रांतून कळवत राहिला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. डॉक्टर अक्षरे मोजत होते. चित्रकाराला पॅलेटवरचा कोबाल्ट आणि अल्ट्रामरीन यांतला फरक ओळखायचा होता, हातभर अंतरावरच्या कॅनव्हासवर फटकारा मारायचा होता आणि मग चार पावले मागे सरून साऱ्या चित्राचा तोल पाहायचा होता. एकाच डोळ्याने, तीन वेगवेगळ्या अंतरांवर. एका काचेत मावणारी ही गरज नव्हती.

डॉ. कुतेला यांनी हार मानली नाही. चष्मे बदलून पाहिले, रंगीत काचा लावून पाहिल्या. क्लेमांसो दोघांमध्ये दुवा होऊन वावरत होता. तो कधी मित्राची समजूत घालत होता, तर कधी त्याला खडसावत होता. धीर धर, चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो, हे त्याला पुनःपुन्हा सांगावे लागले. दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा सल्लाही त्याने दिला. त्या सल्ल्याला मोनेने शेवटपर्यंत नकारच दिला.

पुन्हा एकदा तपासणी

१९२४ मध्ये आंद्रे बार्बिए या चित्रकार मित्राच्या मध्यस्थीने डॉ. झाक मावास यांनी मोनेचे डोळे तपासले. जर्मनीतल्या येना शहरातील झाइस कंपनीने भिंग काढलेल्या डोळ्यांसाठी बनवलेल्या खास काचांचा त्यांनी आग्रह धरला. नेत्रप्रकाशशास्त्रातील संशोधनासाठी १९११ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले स्वीडनचे ॲल्व्हार गुलस्ट्रँड आणि झाइसचे मोरिट्झ फॉन रोर यांच्या अभ्यासातून या काचा निघाल्या होत्या. साध्या जाड भिंगाची वक्रता सर्वत्र सारखी असते. या काचांची वक्रता मध्यापासून कडेकडे बदलत नेलेली होती, त्यामुळे कडेची दृश्ये कमी वाकडी दिसत. अधू दृष्टीच्या रुग्णांसाठी दुर्बिणीचे तत्त्व वापरलेला चष्मा तयार करण्याचे कामही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॉन रोर यांनीच केले होते. मोनेच्या चष्म्याचे नाते अशा प्रकारे अल्पदृष्टीच्या साधनांच्या घराण्याशी जुळते.

काच बदलली, तसे इतर तपशीलही जुळवले गेले. अतिरिक्त निळा प्रकाश अडवण्यासाठी काचांना रंगछटा देण्यात आली. दोन प्रतिमांचा गोंधळ संपवण्यासाठी डाव्या डोळ्यावर आवरण आले. एका डोळ्याने पाहिल्याने खोलीचा अंदाज कमी होतो हे खरे. पण सपाट कॅनव्हासवर काम करणाऱ्याला ते नुकसान परवडणारे होते. दोन भांडखोर डोळ्यांपेक्षा एक शांत डोळा बरा.

हा बदल एका रात्रीत घडला नाही. १९२४ ची अखेर निराशेतच गेली. मुदत उलटून गेली होती. १९२५ च्या सुरुवातीला मोनेने देणगी परत घेत असल्याचे सरकारला कळवून टाकले. क्लेमांसो संतापला. दिलेल्या शब्दाला जागणार नसशील तर मैत्री संपली, अशी त्याची भूमिका होती. काही काळ दोघांमध्ये अबोला धरल्यासारखे झाले. आणि मग, त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात, चक्र फिरले. काचांची सवय झाली. मेंदूने नव्या प्रतिमेशी जुळवून घेतले. आपल्याला पुन्हा नीट दिसू लागले आहे, पूर्वीच्या उत्साहाने काम चालू आहे, अशी पत्रे जिव्हेर्नीहून मित्रांना जाऊ लागली. ८४ वर्षांचा मोने सकाळपासून चित्रशाळेत उभा राहू लागला. नव्या नजरेने त्याने जुने काम तपासले. जे पटले नाही ते पुन्हा रंगवले, काही फाडले, काही जाळले.

काळ्या कापडाऐवजी फुले

त्याच्या हाती फारसा वेळ उरला नव्हता. फुफ्फुसाच्या कर्करोगाने ५ डिसेंबर १९२६ रोजी जिव्हेर्नीच्या घरी मोनेचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत क्लेमांसो त्याच्यापाशी होता. अंत्यविधीच्या वेळी शवपेटीवर घातलेले काळे कापड पाहून क्लेमांसोने ते काढायला लावले आणि फुलांचे रंगीत कापड तिच्यावर पसरले, असे सांगतात. काळा रंग मोनेने पॅलेटवरून कधीच हद्दपार केला होता.

१७ मे १९२७ रोजी ऑरांजरीची दालने खुली झाली. आठ रचना, बावीस फलक, सुमारे दोन मीटर उंची. छतातून उतरणाऱ्या नैसर्गिक उजेडात पाहायचे हे तळे, हा चित्रकाराचाच आग्रह. आकाशात ढग आला की चित्रातले पाणीही काळवंडते. सुरुवातीला तिकडे फारसे कोणी फिरकले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमूर्त चित्रकारांनी या भिंतींसमोर उभे राहून मोनेला आपला पूर्वज मानले आणि दालने गजबजू लागली. यातला कोणता फटकारा मोतीबिंदूच्या पडद्याआडून मारला गेला आणि कोणता झाइसच्या काचेतून, हे आता कोणालाही वेगळे करून दाखवता येणार नाही.

मोतीबिंदूवर आज वेळीच उपचार झाले, तर मोनेला झाला तसा त्रास सहसा कोणाला होत नाही. परंतु दृष्टिपटलाचे विकार, मधुमेह, काचबिंदू यांमुळे चष्म्याने किंवा शस्त्रक्रियेने पूर्ण भरून न येणारी दृष्टिहानी असंख्य लोकांच्या वाट्याला येते. त्यांच्यासाठी हाती धरायची भिंगे, उजेड देणारी भिंगे, छोट्या दुर्बिणी, रंगीत काचा, अक्षरे मोठी करून दाखवणारे पडदे अशी साधने उपलब्ध आहेत. ती निवडण्यासाठी अल्पदृष्टीची स्वतंत्र तपासणी करावी लागते. या तपासणीत तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतली जातातच. त्याआधी विचारले जाते ते मात्र वेगळे. काय करायचे आहे? वर्तमानपत्र वाचायचे आहे, बसचा क्रमांक ओळखायचा आहे, तांदूळ निवडायचे आहेत की सुईत दोरा ओवायचा आहे? प्रत्येक कामाचे अंतर निराळे, उजेड निराळा आणि म्हणून साधनही निराळे. पहिले साधन पुष्कळदा जमत नाही. ते घरातल्या कपाटात जाऊन पडते आणि माणूस पुन्हा तपासणीला जात नाही.

मोनेही जवळजवळ याच टप्प्यावर थांबला होता. त्याच्यापाशी निष्णात डॉक्टर होते, पैसा होता आणि पाठ न सोडणारा एक मित्र होता. तरीही शस्त्रक्रियेनंतर त्याच्या डोळ्यांना साजेशी काच सापडून अंगवळणी पडायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. त्यातली दीड वर्षे तो रागावलेलाच होता. पण प्रत्येक वेळी रागारागाने का होईना, तो तपासणीच्या खुर्चीत पुन्हा जाऊन बसला.